माळरानावरील निरीक्षण आणि द्विनेत्री दुर्बिणीची निवड

अक्कलकोट तालुक्यातील माळराने व बोरी नदीवरील कुरनूर जलाशय येथे क्षेत्राभ्यासास जाणाऱ्या विद्यार्थ्यास, दुर्बिणीचे वर्धन जितके अधिक तितकी ती उत्तम, असे वाटणे स्वाभाविक आहे. ही समजूत कितपत ग्राह्य आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

दुर्बिणीवर ८×४० असे अंक असतात. पहिला अंक वर्धन, तर दुसरा वस्तुभिंगाचा मिलिमीटरमधील व्यास दर्शवितो. दुसऱ्यास पहिल्याने भागले असता नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास मिळतो. येथे तो ५ मिलिमीटर होय. भर उन्हात डोळ्याची बाहुली २ ते ३ मिलिमीटर असल्याने ८×२५ ही लहान दुर्बीणही पुरते. परंतु पशुपक्ष्यांची हालचाल पहाटे व सायंकाळी अधिक असते. त्या वेळी बाहुली विस्फारते आणि लहान दुर्बिणीतील चित्र काळवंडते.

वर्धन वाढविल्यास हाताचा कंपही त्याच प्रमाणात मोठा दिसतो आणि दृष्टिक्षेत्र बहुधा संकोचते. ७ अंशांच्या क्षेत्रात १००० मीटरवर सुमारे १२२ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. ५ अंशांत तो ८७ मीटरच उरतो. शिवाय तापलेल्या माळावरील हवेच्या थरांमुळे चित्र थरथरते. हा दोष कोणत्याही भिंगाने दूर होत नाही. वर्धनाने तो अधिकच जाणवतो.

हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. याच जिल्ह्यात नान्नज परिसरासह माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले. आज तो पक्षी नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. अशा दुर्मिळ पक्ष्याची एक चुकीची नोंदही गणनेस बाधक ठरते, आणि खात्री करून घेण्यासाठी जवळ जावे तर पक्षी बिथरतो. दुरूनच निश्चित ओळख पटविणे, हेच दुर्बिणीचे खरे कार्य होय.

सर्वसाधारण उपयोगासाठी ८×४० किंवा ८×४२ ही दुर्बीण इष्ट ठरते. चष्मा वापरणाऱ्याने नेत्रिकेपासून डोळ्याचे अंतर किमान १५ मिलिमीटर ठेवता येते की नाही, हे तपासावे. दुर्बीण हातभर दूर धरून उजेडाकडे पाहिले असता नेत्रिकेतील प्रकाशवर्तुळे पूर्ण गोल दिसावीत. सूर्याकडे मात्र ती कदापि रोखू नये. दोन्ही नळ्यांतील चित्रे विनासायास एकरूप न झाल्यास ती दुर्बीण, किंमत कितीही अल्प असो, त्याज्य समजावी.