लहान दुरुस्तीचा मान

लिनस टोर्वाल्ड्स यांनीं १९९१ सालीं हेलसिंकी येथें आरंभिलेल्या लिनक्स या संगणकप्रणालीची आज्ञावली सर्वांस खुली आहे. त्यामुळें कवठे महांकाळचा एखादा विद्यार्थीहि तींत एका ओळीची दुरुस्ती सुचवूं शकतो. मात्र एका वेळीं एकच बदल पाठवावा, त्याचें कारण लिहावें आणि २००४ पासूनच्या प्रथेप्रमाणें खालीं आपलें नांव घालून जबाबदारी पत्करावी, असा तेथील दंडक आहे. दुरुस्ती लहान म्हणून विभागप्रमुखाची तपासणी टळत नाहीं. एका चुकीच्या चिन्हानेंहि सारें यंत्र बंद पडूं शकतें. तथापि ती लहान म्हणून अनुत्तरित ठेवणेंहि अनुचितच. नकारसुद्धां सकारण असावा. म्हणजे नवखा साहाय्यक विन्मुख न होतां उद्यां अधिक चांगलें काम घेऊन येतो.