पडणारच आहेत म्हणून

खामगावच्या चांदीचं नाव मोताळ्यापासून मेहकरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी. बाळाचं उष्टावण ठरलं की मामा तिथल्या सराफ्यात वाटी-चमचा घ्यायला जातो. बाळ तेव्हा सहा महिन्यांच्या आसपासचं असतं. खिरीचा पहिला घास भरवताना चमचा खालच्या हिरडीला लागून ‘टक्’ वाजला, की आजी लगेच म्हणते, “दात आला वं लेकराले!” बोट फिरवून पाहावं तर तांदळाच्या कणीएवढं टोक लागतं.

हेच टोक वरच्या हिरडीत आधी दिसलं, तर मात्र मामाच्या पोटात गोळा येतो. वरचे दात आधी आले की मामाला जड, हा समज घाटावर आहे आणि घाटाखालीही. दातांचा क्रम एखाद्या बाळात मागेपुढे होतो, त्यापलीकडे त्यात काही नाही. बिचाऱ्याने चांदी आणली, आता आणखी काय करावं त्याने!

दात दिसतो सहाव्या महिन्यात, पण त्याची सुरुवात गर्भ दीड महिन्याचा असतानाच होते. चौथ्या महिन्यापासून पुढच्या दातांवर चुन्याचे कठीण थर बसू लागतात. बाळ बोळकं घेऊन जन्माला येतं खरं, पण त्या हिरड्यांखाली वीसच्या वीस दात घडत असतात. जन्माची नोंदही दातात राहते. इनॅमलच्या आत त्या वेळची एक बारीक रेघ उमटते आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसते. रेघेच्या अलीकडचं इनॅमल आईच्या पोटात तयार झालेलं, पलीकडचं बाहेर आल्यावर.

ही नोंद किती टिकते, ते घोड नदीकाठच्या इनामगावात पाहायला मिळालं. पुणे जिल्ह्यातल्या या गावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीचे तिथले शेतकरी आपली दगावलेली लहान मुलं घरातल्याच जमिनीखाली पुरत. मातीची दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि लेकरू त्यात. त्या मुलांचे दुधाचे दात जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी तपासले, तेव्हा सुळ्यांवर इनॅमलचे खळगे आढळले. सुळा घडतो तो गरोदरपणाचे शेवटचे महिने आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने. त्या काळात पोषण कमी पडलं की असे खळगे राहू शकतात. मडक्यातल्या लेकराचं नाव आपल्याला कधी कळणार नाही, पण त्याच्या घरात तेव्हा ओढाताण होती हे दातावरून कळतं. आपल्याकडे सोयाबीनच्या निंदणाला सातव्या-आठव्या महिन्यातली बाई वाकलेली दिसते, तेव्हा मला ते सुळे आठवतात. लेकराच्या दाताची काळजी तिच्या ताटापासून सुरू व्हायला हवी.

दात येताना हिरडी शिवशिवते, लाळ गळते, लेकरू किरकिरं होतं. दाताचा त्रास एवढाच. “दात येताना हागवण लागतेच” हा समज मात्र मामाच्या समजासारखा हसून सोडून देण्याजोगा नाही. या वयात आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते, लेकरू रांगत असतं आणि हिरडी शिवशिवते म्हणून चपलेपासून चावीपर्यंत सगळं तोंडात घालतं. जुलाब होतात ते त्या घाणीने. दाताचं निमित्त करून दोन दिवस वाट पाहिली, तर अंगातलं पाणी जातं. ओआरएसची पुडी आशाताईंकडे मिळते. जोराचा ताप असेल तर डॉक्टरच गाठावा.

अडीच-तीन वर्षांत वीस दात पुरे होतात आणि तिथून “दुधाचेच आहेत, पडणारच आहेत” हे पालुपद सुरू होतं. दुधाच्या दाताचं इनॅमल कायमच्या दातापेक्षा बरंच पातळ असतं, त्यामुळे कीड नसेपर्यंत लवकर पोचते. गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या लेकराचे वरचे पुढचे दात आधी तपकिरी होतात. खालचे वाचतात, कारण त्यांच्यावर जिभेचं पांघरूण असतं. सकाळी चहात बुडवलेला बिस्किटाचा लगदा दाढांच्या खाचांत बसतो. या दाढा पडतात दहाव्या-बाराव्या वर्षी. त्या लवकर काढाव्या लागल्या तर शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात आणि मागून येणाऱ्याला वाट उरत नाही.

पडलेला दात हातावर घेऊन पाहा. खाली मूळ नसतंच, नुसती लालसर वाटी. नवा दात वर सरकत असताना जुन्याचं मूळ विरघळत जातं, म्हणून तो जिभेने हलवूनही निघतो. आम्ही तो शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर फेकायचो. आता सगळीकडे स्लॅब. दात वर राहतो की पन्हाळीतून परत अंगणात येतो, कोण जाणे.

या पडापडीच्या गडबडीत सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे एक मोठी दाढ येते. ती कोणाला पाडून येत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. ती कायमची असते. तिलाही दुधाची समजून किडू दिलं, तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

पहिला दात दिसला त्या दिवसापासून मऊ ब्रश फिरवावा. तीन वर्षांपर्यंत फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. आजीची मिसरी मात्र लेकराच्या हिरडीला लावू नये, ती तंबाखूच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला झाली. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायला हवं, आणि दात त्याच्या तपासणीत आहेत. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका, आणि ते सहा-सात वर्षांचं असेल तर मागची दाढ आवर्जून पाहायला सांगा.