चूक सांगते घरची भाषा

बी.एड.च्या वर्गात असताना मी एका कार्यालयात दाखल्यासाठी मराठीत अर्ज दिला. पहिलेच वाक्य होते, 'माझी ही अर्ज मंजूर करावी.' कारकून माझ्या सहीपर्यंत पोहोचलेही नव्हते. त्यांनी मान वर करून विचारले, "उर्दू शाळेत शिकलात ना?" मी चकित झालो, थोडा वरमलोही. एका वाक्यातून त्यांना हे कसे कळले?

उत्तर सोपे आहे. उर्दूत आपण 'मेरी अर्ज़ी' म्हणतो. मी शब्द मराठीतला घेतला, पण लिंग उर्दूचेच ठेवले. मराठीत अर्ज पुल्लिंगी आहे. 'माझा अर्ज मंजूर करावा' असे लिहायला हवे होते.

उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. नपुंसकलिंग आपल्या सवयीचे नाही. म्हणून आपण 'माझे घर' ऐवजी 'माझा घर' लिहितो. जे शब्द दोन्ही भाषांत आहेत, ते तर अधिकच फसवतात. उर्दूत दुकान स्त्रीलिंगी आहे, मराठीत ते दुकान. उर्दूत 'आवाज़ आई', मराठीत 'आवाज आला'. शब्द ओळखीचा असला, की आपण बेसावध होतो.

दुसरी खूण 'ळ' या अक्षराची. हा उच्चार उर्दूत नाही, म्हणून लिहितानाही 'ळ' च्या जागी 'ल' येतो. एखाद्याने 'मला वेल नाही' असे लिहिले, तर वाचणाऱ्याला वाटेल, याला अंगणात लावायला वेल हवी आहे! त्याला म्हणायचे असते, 'मला वेळ नाही.' 'ण' च्या जागी 'न' मात्र मराठीच्या काही बोलींतही ऐकू येतो. तेवढ्यावरून कोणाची घरची भाषा ठरवू नये.

तिसरी खूण शब्दांच्या जोडणीत दिसते. उर्दूत 'बाज़ार में' असे दोन शब्द सुटे राहतात. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो आणि शब्दाचे रूपही बदलते : बाजारात, शाळेत, मित्राला. 'बाजार मध्ये', 'मित्र ला' हे उर्दूच्या वळणाचे मराठी झाले. तसेच 'मैंने' वरून आपण 'मीने' लिहितो. मराठीत 'त्याने पत्र लिहिले', पण 'मी पत्र लिहिले'.

काही चुकांनी अर्थच बदलतो. उर्दूत खाली म्हणजे रिकामा. मराठीत 'डबा खाली आहे' म्हटले, तर ऐकणारा डबा खालच्या फळीवर शोधू लागेल! उर्दूतला 'कल' मागचाही असतो आणि पुढचाही. मराठीत मागचा दिवस काल, पुढचा उद्या. 'मी काल येईन' या वाक्यावरून कोणी तुमची वाट कशी पाहावी?

मग मराठी घरातली मुले चुकत नाहीत का? चुकतात. 'आणि' ऐवजी 'आणी', 'परंतु' ऐवजी 'परंतू' असे ती लिहितात. पण 'माझा घर' असे सहसा लिहीत नाहीत. घरात ऐकलेली भाषा कानाला सांभाळते, ऱ्हस्व-दीर्घ मात्र पुस्तकातून शिकावे लागते. त्यांना उर्दू लिहायला सांगा. सीन, साद आणि से या अक्षरांत त्यांचा गोंधळ होईल. साबण साद या अक्षराने लिहायचा, हे कान कसे सांगणार?

म्हणून चुकीची लाज बाळगू नका. आपल्याला आणखी एक भाषा येते, एवढेच ती सांगते. पण चूक तशीच ठेवूही नका, कारण अर्जातल्या, पत्रातल्या चुकीने काम अडू शकते. नवा शब्द शिकताना तो एकटा पाठ करू नका. 'तो आवाज, ती शाळा, ते दुकान' असा जोडीने पाठ करा. लिहून झाल्यावर एकदा मोठ्याने वाचा.

त्या कारकुनांनी माझा अर्ज परत केला नाही. पेन्सिलीने 'माझी' खोडून 'माझा' केले, 'करावी' चे 'करावा' केले आणि कागद पुढे पाठवला. त्या दोन दुरुस्त्या मी आजवर विसरलो नाही.

स्वाध्याय

वाक्ये शुद्ध करून लिहा.
(१) टाकीत पाणी आला.
(२) आमची दुकान बाजार मध्ये आहे.
(३) मीने काल केली खाल्ली.