आधी चोपडी, मग पेनड्राइव्ह

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आजही अनेक पेढ्यांवर लाल कापडी बांधणीची वही पूजेला मांडली जाते आणि तिच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक रेखाटले जाते. वर्षभराचा खरा हिशेब मात्र आता त्या वहीत क्वचितच असतो. गिरगावातील कापडाचे दुकान असो, दादरची भांड्यांची पेढी असो की लालबाग-परळच्या गाळ्यातील मसाल्याचा व्यापार असो, उधारी, साठा आणि जीएसटीची सारी नोंद गल्ल्याशेजारच्या संगणकात साठलेली असते.

२०२५ ची दिवाळी आठवड्यावर आली असताना अशाच असंख्य संगणकांपुढे प्रश्न उभा राहिला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी केल्यास सुरक्षा-दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. व्यवसायांना त्या शुल्क भरून जास्तीत जास्त तीन वर्षे घेता येतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था, किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण आणि मान्यताप्राप्त यादीतील प्रोसेसर लागतो. त्यामुळे उत्तम चालणारे कित्येक जुने संगणक या अटींत बसत नाहीत.

अशा वेळी सुचणारे दोन सोपे मार्ग म्हणजे यंत्र भंगारात काढणे, अथवा ओळखीच्या कारागिराकडून स्वस्तात 'कॉपी' टाकून घेणे. तिसरा मार्ग थोडा कष्टाचा, पण निर्दोष आहे. तो म्हणजे पेनड्राइव्हवर नवी प्रणाली विधिवत उतरवून ती संगणकात बसवणे.

संगणकाचे बटण दाबताच मदरबोर्डवरील एक छोटा प्रोग्राम जागा होतो. जुन्या यंत्रांत त्यास बायोस म्हणतात, नव्या यंत्रांत यूईएफआय. मुख्य प्रणाली कोठे आहे, याचा तो शोध घेतो. बायोस डिस्कचा अगदी पहिला, ५१२ बाइटचा भाग वाचतो. यूईएफआय ठरावीक नावाच्या फोल्डरमधील आरंभीची फाइल शोधतो. म्हणूनच इंटरनेटवरून उतरवलेली 'आयएसओ' फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही. गोदामात गठ्ठा बांधून ठेवलेले ठाण गिऱ्हाइकाला दिसत नाही. गठ्ठा सोडून माल फळीवर मांडावा लागतो. आयएसओ हा तसाच बांधलेला गठ्ठा होय. तो सोडून आरंभीची फाइल योग्य जागी मांडण्याचे काम विशेष साधने करतात. अशा पेनड्राइव्हला 'बूटेबल' म्हणतात.

मात्र या कामाची पहिली पायरी पेनड्राइव्ह नव्हे, चोपडी होय. कार्तिक शुद्ध पंचमीला, म्हणजे ज्ञानपंचमीला, ज्ञानभांडारांतील हस्तलिखिते बाहेर काढून, झाडून-पुसून, नव्या वेष्टनांत ठेवण्याची परंपरा आहे. जीर्ण पोथीची नवी प्रत करून घेणे हे मोठे पुण्यकार्य मानले गेले. एकाच प्रतीवर विसंबून राहणे धोक्याचे, हे पूर्वजांनी ओळखले होते. हिशेबालाही तोच न्याय लागू पडतो. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणून टॅलीसारख्या प्रोग्राममधील 'बॅकअप' घेऊन त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडता ठेवलेली प्रत खरोखर प्रत आहे की नाही, हे संकटाच्या दिवशीच कळते. टॅलीचा परवानाही डिस्क पुसण्यापूर्वी 'सरेंडर' करून मोकळा करावा, म्हणजे तो पुन्हा वापरात आणताना खोळंबा होत नाही.

यानंतर किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा. त्यावरील सर्व काही पुसले जाईल, हे गृहीत धरावे. ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, तो सहज मिळतो. पेनड्राइव्ह कोणत्याही चालू संगणकावर तयार करता येतो. विंडोज ११ हवी असल्यास मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरील 'मीडिया क्रिएशन टूल' फाइल उतरवण्यापासून पेनड्राइव्ह तयार करण्यापर्यंत सारे काम करते. लिनक्स हवी असल्यास आयएसओ फाइल प्रणालीच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि तेथे दिलेली 'एसएचए-२५६' ही अक्षर-अंकांची खूण आपल्या फाइलशी पडताळावी. एक अक्षर जरी वेगळे आले, तरी फाइल अपुरी उतरली आहे किंवा बदललेली आहे, असे समजून ती टाकून द्यावी.

मग 'रूफस' या मोफत साधनात पेनड्राइव्ह व आयएसओ निवडावी. यूईएफआय असलेल्या यंत्रासाठी 'जीपीटी', बायोसच्या जुन्या यंत्रासाठी 'एमबीआर' हा पर्याय घ्यावा. सर्वाधिक सावधगिरी येथेच हवी. हिशेबाची बाह्य हार्डडिस्क त्याच वेळी जोडलेली असेल आणि चुकून तीच निवडली गेली, तर क्षणार्धात सारे पुसले जाते. म्हणून ती आधीच काढून ठेवावी. वस्तू उचलताना व ठेवताना नीट पाहावे, असे सांगणारी आदान-निक्षेपण समिती साधूंसाठी असली, तरी गृहस्थालाही येथे तिचे स्मरण उपयोगी पडते.

तयार पेनड्राइव्ह जुन्या संगणकाला लावून तो सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांसारखी कळ दाबली, की आरंभाची यादी दिसते. ही कळ कंपनीनुसार बदलते. यादीतून पेनड्राइव्ह निवडावा. लिनक्स मिंट किंवा उबुंटू असल्यास प्रणाली न बसवताही ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. प्रिंटर छापतो का, वाय-फाय चालते का, मराठी अक्षरे नीट दिसतात का, हे तपासूनच पुढे जावे. 'संपूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय दाबल्यावर मागे फिरता येत नाही.

लिनक्स मिंटला २ जीबी मेमरी पुरते, ४ जीबी असल्यास काम सुखाने होते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेची, डेबियनवर आधारलेली 'बॉस' ही भारतीय प्रणालीही उपलब्ध आहे. तथापि टॅली विंडोजसाठी बनवलेली आहे, हे विसरू नये. हिशेबाच्या मुख्य संगणकावर अधिकृत विंडोज ठेवावी. पत्रव्यवहार, ईमेल आणि मुलांच्या अभ्यासासाठी जुना संगणक लिनक्सवर न्यावा, ही विभागणी बहुतेक घरांना सोयीची ठरेल.

स्वस्तातील 'कॉपी'चे काय? कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बी नुसार संगणक-प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा कारावास व दंडास पात्र गुन्हा आहे. त्याहून जुना निवाडा घरातच आहे. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे पाच अतिचार सांगितले. त्यांत चोरीचा माल घेणे आणि अस्सलाच्या नावावर नक्कल खपवणे, हे दोन्ही आहेत. तराजूत खोट न करणाऱ्या पेढीच्या संगणकात चोरीची प्रणाली असावी, हे विसंगत नव्हे काय? लिनक्सची प्रत कितीही वेळा काढली, वाटली, तरी तिचा परवानाच तशी मुभा देतो. तेथे पैशाची बचत आणि व्रताचे पालन एकत्र नांदतात.

चालते यंत्र फेकणे हेही अपरिग्रहाशी जुळणारे नाही. शिसे आणि पाऱ्यासारखी विषारी द्रव्ये असलेला ई-कचरा अखेर माती-पाण्यात मिसळतो व सूक्ष्म जीवांपासून माणसापर्यंत सर्वांना बाधतो. यंत्र खरोखरच निकामी झाले, तर १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडेच द्यावे.

काम पार पडल्यावर पेनड्राइव्हवर प्रणालीचे नाव व तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवून तो तिजोरीत ठेवावा. पुढे कधी संगणक रुसला, तर तोच उपयोगी पडेल. आणि येत्या ज्ञानपंचमीला पोथ्यांबरोबर हिशेबाच्या त्या दोन प्रतीही एकदा उघडून पाहाव्यात.