पापुद्र्याखालचं प्लॅटिनम

उघडा धातू कुठेच नसतो

केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी विकसित केलेली हायड्रोजन बस 2022 मध्ये पुण्यात दाखवली गेली. अशा गाड्यांच्या फ्युएल सेलमधली मुख्य अभिक्रिया प्लॅटिनमच्या बारीक कणांवर घडते. कणांवर नाफिऑनसारख्या पॉलिमरचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा असतो. प्रोटॉन सहसा त्यातूनच कणांपर्यंत पोचतात, त्यामुळे तो काढून टाकायची सोय नाही. प्रश्न एवढाच, की त्याच्याखाली धातूचे अणू कसे वागतात?

आधी नीटस पृष्ठभाग

कणांवर कडा-कोपरेच फार. म्हणून अभ्यासाला एकसंध स्फटिक घेतात. तो स्वच्छ करण्याची सोपी रीत फ्रान्सच्या झां क्लाव्हिलिए यांनी 1980 मध्ये रूढ केली. प्लॅटिनमच्या तारेचं टोक वितळवून त्याचा मणी करायचा, हव्या त्या दिशेने कापून घासायचा, ज्योतीत लाल करून गार करायचा आणि शुद्ध पाण्याचा थेंब अंगावर ठेवूनच द्रावणापर्यंत न्यायचा. थेंब निसटला की हवेतली घाण बसलीच! ‘111’ या दिशेने कापलेल्या पृष्ठभागावर प्रत्येक अणूला सहा शेजारी असतात, प्रत्येक 0.277 नॅनोमीटरवर.

झाकलेलं पाहायचं कसं?

टनेलिंग सूक्ष्मदर्शकाची सुई पृष्ठभागापासून साधारण नॅनोमीटरभर अंतरावर लागते; मध्ये पॉलिमर आला की काम अवघड. क्ष-किरण मात्र पापुद्रा भेदून जातात आणि वरच्या थरांची मांडणी सांगतात. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे विभव सावकाश वर-खाली करून प्रवाह मोजणं. स्वच्छ ‘111’ पृष्ठभागाचा आलेख इतका ठरलेला असतो, की जाणकाराला त्यातला बिघाड लगेच कळतो.

सल्फोनेट जागा अडवतं

नाफिऑन लावल्यावर या आलेखात नवी टोकदार शिखरं उमटतात. पॉलिमरच्या फांद्यांच्या टोकाचे सल्फोनेट गट थेट प्लॅटिनमला चिकटतात, असा त्याचा अर्थ लावला जातो. गंधकाम्लातला बायसल्फेटही असाच चिकटतो. पण सल्फोनेट साखळीला बांधलेलं, त्यामुळे दाव्याला बांधलेल्या गुरासारखं दावं पुरेल तेवढंच फिरतं. त्याने अडवलेल्या जागी ऑक्सिजनला बसता येत नाही आणि अभिक्रिया मंदावते. माझ्या मते प्लॅटिनम वाचवण्याच्या चर्चेत याकडे दुर्लक्ष होतं. नुसते कण बारीक करून भागत नाही.

एक पळवाट

कार्बनच्या अगदी अरुंद छिद्रांत प्लॅटिनम बसवलं, तर पॉलिमर आत शिरत नाही. प्रोटॉन मग छिद्रांतल्या पाण्यातून पोचतात. टोयोटाच्या दुसऱ्या पिढीच्या मिराई गाडीत असाच सच्छिद्र कार्बन आहे.