आजीच्या हाती सोपवताना

जूनमध्ये बालवाड्या सुरू झाल्या की पंधरवड्यातच गावाकडे फोन जातो, "आई, चार दिवस येशील का? दोघंही आजारी आहेत आणि आमच्या रजा संपल्यात." थोरला बालवाडीतून सर्दी आणतो, धाकटी त्याच्याकडून घेते, ती बरी होईपर्यंत थोरल्याला पुन्हा नवीन काहीतरी झालेलं असतं. लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणं बालरोगतज्ज्ञांच्या लेखी नेहमीचंच आहे. एवढ्या रजा मिळणार कुठून? म्हणून आजी पिशवी भरते आणि एस.टी. गाठते.

आल्यावर तिला मिळतात त्या सकाळच्या घाईत, पायांत चपला सरकवत दिलेल्या सूचना: "ही पांढरी तीनदा. ताप आला तर ही गुलाबी." मूल पूर्णपणे तिच्यावर टाकलेलं, माहिती मात्र अर्धीच. यातला धोका घरांना कळत नाही असं मला वाटतं.

पॅरासिटामॉलचंच बघा. थेंबांच्या बाटलीत साधारणपणे एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं, तर सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५०. सिरप समजून पाच मिलिलिटर थेंबांचं औषध पाजलं गेलं, तर मात्रा दुपटीवर किंवा चौपटीवर जाते. ती ठरते वजनावर: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, आणि दोन डोसांमध्ये किमान चार ते सहा तास. दोन नातवंडांची वजनं वेगळी म्हणून मात्राही वेगळ्या. डॉक्टरांना विचारून हे सगळं ठळक अक्षरांत कागदावर लिहावं आणि फ्रिजवर लावावं. नाव, वजन, कोणती बाटली, किती मिलिलिटर, शेवटचं औषध किती वाजता दिलं. घरातला चमचा नको, बाटलीबरोबर आलेलं मापच वापरावं.

मागच्या आजारपणातली खोकल्याची बाटली तर घरात ठेवूच नये. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याकडची लहान मुलं विषारी रसायन मिसळलेल्या कफ सिरपमुळे मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. त्यांतल्या कितीतरी मुलांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. त्यानंतर केंद्रीय आरोग्य खात्याने दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत असं बजावलं.

आजीचं खरं बळ औषधात नाही, तिच्या नजरेत आहे. ती मुलाजवळ तासन् तास बसते. श्वासाची चाल बदलली तर पहिल्यांदा तिलाच दिसते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च'तर्फे न्यूमोनियावर काम केलं तेव्हा त्यांनी गावातल्या सुइणींना मुलांचे श्वास मोजायला शिकवलं. त्यांतल्या अनेकींना अक्षरओळखही नव्हती. त्यांच्यासाठी मणी आणि एका मिनिटाची वाळूची घटिका असलेलं साधं साधन तयार केलं. जे त्यांना जमलं ते शहरातल्या फ्लॅटमध्ये, भिंतीवर घड्याळ असताना, आजीला का जमणार नाही? मूल शांत असताना अंगातलं झबलं वर करून पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, तर दवाखाना. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर मोजत बसायचंही नाही, तडक निघायचं. मूल काहीच पीत नसेल, मलूल पडलं असेल, झटका आला असेल, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल, तरीही तसंच.

जुलाबांच्या बाबतीतही घरच्या माणसांचंच ऋण मोठं. १९७१मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, कॉलऱ्याची साथ होती आणि सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रमांत भरून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांखाली आलं. आज ओआरएसचं पाकीट प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळतं. ते पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात, सगळंच्या सगळं एकदम कालवायचं आणि चोवीस तासांत संपवायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजायचं. सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक, जुलाब थांबले तरी ठरलेले १० ते १४ दिवस पूर्ण.

आजीची पेज, मऊ भात, मुगाच्या डाळीचं पाणी इथे अगदी योग्य ठरतं. जुलाबात मूल उपाशी ठेवायचं नसतंच. तिच्या काही सवयी मात्र सोडायला हव्यात: वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवणं, खोकणाऱ्या मुलाला ओव्याची धुरी देणं, नाकात तेल सोडणं. "आता असलं काही करत नाहीत" एवढंच म्हटलं की ती दुखावते आणि मग गुपचूप करते. मधातून बाळाला बोटुलिझम होऊ शकतो, धुराने श्वासनळी आणखी आवळते, तेल फुप्फुसात उतरू शकतं, असं कारण सांगितलं की बहुतेक आज्या ऐकतात. त्यांनी आयुष्यभर कारणं समजून घेऊनच संसार केलेला असतो.

तिच्या स्वतःच्या तब्येतीकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. नातवाची साधी सर्दी साठी-पासष्टीच्या, मधुमेह असलेल्या बाईच्या छातीत उतरते. फ्लूची लस, साबणाने वारंवार हात धुणं, वेळेवर जेवण आणि तिची रक्तदाबाची गोळी यांचीही नोंद फ्रिजवरच्या त्याच कागदावर हवी. रात्रीची जागरणं मुलाने आणि सुनेने वाटून घ्यावीत, कारण दिवसभर कडेवर घेणारे हात तिचेच असतात.

आणि निर्णयाचा अधिकार तिला द्यावा. "मला याचं लक्षण ठीक दिसत नाही," असं ती फोनवर म्हणाली, तर मीटिंग संपेपर्यंत थांबायला सांगू नये. रिक्षाचे पैसे, डॉक्टरांचा आणि शेजारच्या वहिनींचा नंबर, लसीकरणाचं कार्ड हे सगळं तिच्या हाताशी असावं, म्हणजे ती कुणाला न विचारता निघू शकेल.