‘शिवू नको’ नव्हे, ‘बरे झाल्यावर भेटू’

आजारपणामुळे सुट्टीत घरात अडकलेल्या मुलांविषयी चार शब्द

जयंती जवळ आली की आपल्या वस्त्यांतील मुलांना दुसरे काही सुचत नाही. परीक्षा संपत आलेली असते, पांढरे कपडे शिवून आलेले असतात, संध्याकाळी लेझीमचा सराव चालू असतो आणि भाषण पाठ करता करता मूल झोपेतही ‘अध्यक्ष महाराज’ म्हणत असते. नेमके याच दिवसांत कुणाच्या अंगावर कांजिण्या उठतात, कुणाला गालगुंड होतात, कुणाला तापाने धरलेले असते. डॉक्टर सांगतात, “आठ दिवस पोराला घराबाहेर सोडू नका.” खाली मिरवणुकीचा बँड वाजतो आणि वर खिडकीच्या गजांना धरून मूल रडत असते. असे दृश्य आम्ही अनेक घरांत पाहिले आहे. एकदा ते आमच्याही घरात घडले. त्या वेळी आम्ही जे शिकलो ते वाचक बंधू-भगिनींच्या उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हा लेख.

२०२० सालची जयंती

२०२० साल कोण विसरेल? २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. बाबासाहेबांच्या त्या वर्षीच्या १२९ व्या जयंतीला मिरवणूक नाही, चैत्यभूमीवर गर्दी नाही. घरातच अभिवादन करावे असे आवाहन समाजातील नेत्यांनी व संघटनांनी केले आणि लोकांनी ते शिस्तीने पाळले. १४ एप्रिलच्या सकाळीच टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याची घोषणा झाली.

आमच्या घराला तर त्याहून एक कुलूप जास्तीचे लागले होते. आमचे काम कारकुनाचे, पण खाते अत्यावश्यक सेवेतील, त्यामुळे कचेरीत जावेच लागे. तेथील एका सहकाऱ्याला कोरोना झाल्याचे निघाले. आम्ही ‘कमी जोखमीचे’ ठरलो आणि ८ एप्रिल ते २१ एप्रिल असे चौदा दिवस घरातच राहण्याचा हुकूम झाला. डाव्या हातावर शाईचा शिक्का बसला आणि दारावर कागद चिकटला. घर म्हणजे परळच्या जुन्या चाळीतील एक खोली. नायगाव, वरळी, डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची; आमची तेवढीच. त्यात आम्ही, सौभाग्यवती, आमची आई आणि आठ वर्षांची लेक. संडास सार्वजनिक. सर्वांचे आटोपल्यावर आम्ही जायचे आणि जंतुनाशक टाकून धुऊन यायचे, असे मजल्यावर ठरले.

तिसऱ्या दिवशी लेक दारात उभी राहून समोरच्या मुलाशी बोलत होती. बोलता बोलता पाऊल उंबऱ्याबाहेर पडले. तेवढ्यात शेजारच्या एक बाई ओरडल्या, “अगं, त्यांना शिवू नका रे!” लेक आत आली ती गप्पच. रात्री जेवताना तिने विचारले, “बाबा, माझ्या भाषणात आहे की बाबासाहेबांनी अस्पृश्यता घालवली. मग आपल्याला कुणी का शिवत नाही? आपण परत तसे झालो का?”

हातातला घास हातातच राहिला. आमच्या आईने आयुष्यात जे भोगले ते तिच्या डोळ्यांत उभे राहिले. काय उत्तर द्यावे ते आम्हाला त्या रात्री सुचले नाही. मुलीला खेळणी दिली, मोबाईल दिला तरी हा काटा निघणार नव्हता. मूल कशाने हिरमुसले आहे ते आधी ओळखावे लागते. नुसते रमवून भागत नाही, हा आमचा पहिला धडा.

तीन खुणा

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला जवळ बसवून सांगितले, की आजारासाठी ठेवलेले अंतर आणि अस्पृश्यता यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो ओळखण्याच्या तीन खुणा आहेत.

पहिली खूण तारखेची. आजाराच्या अंतराला शेवटची तारीख असते. आपली २१ एप्रिल आहे. अस्पृश्यतेला तारीख नव्हती. ती जन्मापासून मरणापर्यंत होती.

दुसरी खूण सर्वांना एक नियम. आमच्या साहेबांच्या हातावरही तोच शिक्का आहे, त्यांची जात कोणती हे कुणी विचारले नाही. रोगजंतूही विचारत नाही.

तिसरी खूण पाण्याची. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, कारण माणसांना पाणीच नाकारले होते. येथे मात्र शेजारचे काका आपल्या नळाचे पाणी भरून बालदी आपल्या दाराशी ठेवतात. अंतर आहे, पण पाणी, अन्न आणि शब्द पोचतात. जिथे हे तिन्ही थांबतात, तिथे ते अंतर राहत नाही, बहिष्कार होतो. आणि तो आपण मुकाट्याने सोसायचा नाही.

हे आमच्याच मनाचे खेळ नव्हते. रुग्णांच्या दारावर असे कागद लावल्यावर लोक त्यांना अस्पृश्यांसारखे वागवतात, असे खुद्द सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये बोलून दाखवले आणि सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय असे कागद लावू नयेत असे सांगितले. आठ वर्षांच्या पोरीने जे एप्रिलात विचारले ते बरोबरच होते.

लेकीने मग भिंतीवर चौदा चौकोन काढले आणि रोज रात्री एकेक निळा रंगवू लागली. आजारी किंवा अडकलेल्या मुलासाठी एवढे अवश्य करा. ‘लवकरच बरा होशील’ याने मुलाचे समाधान होत नाही. संपत जाणारे चौकोन ते स्वतः पाहते.

एका खोलीत कसे निभावावे?

शहाणी माणसे सांगतात, रुग्णाला वेगळी खोली द्या. आपल्याकडे दुसरी खोली कुठली? अशा वेळी जागेऐवजी वेळ वाटून घ्यावी. हे आम्ही बाबासाहेबांच्याच चरित्रातून घेतले. परळच्या डबक चाळीत एकाच खोलीत सारा संसार. अभ्यासाला जागा नाही. तेव्हा रामजीबाबा छोट्या भीमरावांना लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग मुलाला अभ्यासाला उठवून आपण झोपत. आम्ही दिवसाचे असेच वाटे केले. सकाळी वंदना, त्रिशरण-पंचशील आणि अंघोळ. मग दोन तास खिडकीजवळची जागा लेकीची. तिथे कुणी बसायचे नाही. दुपारी आजीची झोप, तेव्हा सर्वांनी गप्प. संध्याकाळी एक तास गोष्ट. मोबाईल घरात एकच, तो संध्याकाळी अर्धा तास मामाच्या मुलांशी बोलायला. दिवसाला आकार आला की मुलाची किरकिर निम्मी होते.

मुलाला घरातले एक खरे काम द्यावे. आम्ही पहिल्या मजल्यावर. वाणसामानासाठी खिडकीतून दोरीला बांधलेली पिशवी सोडायचो. ते दोरीचे खाते लेकीकडे दिले. दुकानदाराचा मुलगा सामान टाकी, ती वर ओढून पाववाला, दूधवाला यांचा हिशेब वहीत लिही. पुढे तिच्या मैत्रिणीने त्याच पिशवीत कोड्याची चिठ्ठी टाकायला सुरुवात केली. मग तर पिशवी कधी वर येते याचीच ती वाट पाहू लागली. मैत्री अशी चालू ठेवता येते, स्पर्शावाचूनही.

काडेपेट्यांची मिरवणूक

जयंती आमच्या चौदा दिवसांतला सातवा दिवस. बाहेर मिरवणूक नाही, तर घरात काढू असे ठरले. खर्च शून्य. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर रस्ता काढला: परळ, हिंदमाता, दादर टी.टी., टिळक पूल, शिवाजी पार्क आणि शेवटी चैत्यभूमी. रिकाम्या काडेपेट्यांचे चित्ररथ, बटणांची चाके. वाटेतील प्रत्येक मुक्कामी लेकीने एक ओळ लिहायची. परळला दामोदर हॉल, जिथे बाबासाहेबांचे कार्यालय होते. हिंदू कॉलनीत राजगृह, जे त्यांनी पुस्तकांसाठी बांधले. चैत्यभूमीला सांचीच्या तोरणासारखे प्रवेशद्वार, ते तिने आइस्क्रीमच्या काड्यांचे केले. ज्या रस्त्याने ती दरवर्षी आमच्या खांद्यावर बसून जाई, तो तिला पहिल्यांदा नीट कळला.

निळ्या झेंड्यावरचे अशोकचक्र काढताना गणिताचा तास झाला. थाळी पालथी ठेवून वर्तुळ काढा, कोनमापकाने दर १५ अंशांवर खूण करा, की बरोबर २४ आरे होतात. लेकीने सहा चक्रे काढली तेव्हा कुठे एक मनासारखे उतरले. त्यात अख्खी दुपार गेली आणि ‘कंटाळा आला’ हे शब्द आम्हाला ऐकू आले नाहीत.

सकाळी खीर झाली, मेणबत्ती लावली, वंदना झाली. मग लेक उंबऱ्याच्या आत उभी राहिली आणि तिने भाषण सुरू केले. मजल्यावरची माणसे आपापल्या दारात उभी होती. मध्येच ती अडखळली तेव्हा समोरच्या आजींनी तिकडून पुढचा शब्द सांगितला. रोज ऐकून त्यांचेही पाठ झाले होते. शेवटी गॅलरीभर ‘जय भीम’ झाले. ज्या बाई ओरडल्या होत्या त्यांचे दार मात्र उघडले नाही. त्यांच्या घरात दम्याचे म्हातारे सासरे होते. भीती खोटी नव्हती, शब्द चुकीचा होता. आम्ही लेकीला तेवढेच सांगितले.

सांगण्यासारख्या गोष्टी

अडकलेल्या मुलाला परीकथाच सांगाव्यात असे नाही. आपल्या इतिहासात आजारपणाच्या खऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. एका भिक्खूला हगवण लागली होती, तो आपल्याच घाणीत पडून होता आणि सोबतचे भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगून त्याला स्वतः धुतले, अंथरुणावर निजवले आणि रुग्णाची सेवा तीच माझी सेवा, असे संघाला समजावले.

१८९६-९७ मध्ये मुंबईत आणि पुण्यात प्लेगने कहर केला, माणसे शहर सोडून पळाली. त्या वेळी पुण्यात सावित्रीबाई फुले मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करीत होत्या. प्लेग झालेल्या एका दलित मुलाला उचलून त्यांनी दवाखान्यात आणले; त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळला आली, तीच आजची हाफकिन संस्था. “ती आपली बसवरून दिसते ती?” लेकीचे डोळे मोठे झाले. आपल्या गल्लीजवळची गोष्ट मुलाला फार आवडते.

अंधश्रद्धा नको, औषध हवे

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही कांजिण्या आल्या की ‘देवीचा कोप’, ‘बाया आल्या’ अशी कुजबुज होते. खरा देवीचा रोग लसीकरणाने भारतातून १९७० च्या दशकातच गेला. कांजिण्या आणि गोवर हे विषाणूंचे रोग आहेत. म्हणून थोडे ध्यानात ठेवा:

कांजिण्यांत सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत मुलाला घरी ठेवावे. साधारण पाच ते सात दिवस. गोवरात पुरळ आल्यापासून चार दिवस. गरोदर बाई आणि तान्हे बाळ यांच्यापासून दूर ठेवावे. अंघोळ बंद करू नये, नखे कापावीत, नेहमीचे जेवण आणि भरपूर पाणी द्यावे. मनाने ॲस्पिरिन मुळीच देऊ नये. तापाचे औषध डॉक्टरांना विचारूनच. धाप लागली, मूल पाणी पिईना, सारखे गुंगीत राहू लागले, झटका आला किंवा ताप उतरेना, तर वाट पाहू नका, रुग्णालय गाठा. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यात आणि मग १६ ते २४ महिन्यांत पालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळते. २०२२ मध्ये गोवंडी भागात गोवराने लहान मुले दगावली. लस चुकलेली असेल तर आजच चौकशी करा.

ताप असताना मुलाला करमणुकीचा आग्रहही करू नये. त्याला झोपायचे असेल तर झोपू द्या. आईने कपाळावर हात ठेवून बसणे हीच त्या दिवशीची करमणूक.

शेवटी एक विनंती

२१ एप्रिलला चौदावा चौकोन निळा झाला. दुसऱ्या दिवशी दारावरचा कागद निघाला. लेक सर्वांत आधी त्या शेजारच्या बाईंच्या दाराशी गेली आणि बाहेरूनच म्हणाली, “काकू, आता आम्ही बरे आहोत. आजोबा कसे आहेत?” हे तिला कुणी शिकवले नव्हते. आता ती मोठी झाली आहे. जयंतीला चाळीत कुणी लहान मूल आजारी असले की त्याच्या दाराशी काडेपेट्यांची पिशवी तीच ठेवून येते.

माता-भगिनींनो, बंधूंनो, आजारापासून अंतर जरूर ठेवा, त्यात हयगय नको. पण ‘शिवू नको’ हा शब्द आपल्या आज्या-पणज्यांनी पुरेसा ऐकला आहे. आपल्या तोंडून तो कोणत्याही मुलाला ऐकावा लागू नये, मग ते कोणत्याही जातीचे, धर्माचे असो. त्याऐवजी दारात उभे राहून मोठ्याने सांगा, “बरे झाल्यावर भेटू!” आणि कधी भेटू ती तारीखही सांगा.

जय भीम!